मटणाच्या घरी शाकाहारी पाहुणे : ‘पनीर पुरे’ हे म्हणणे का टिकत नाही

धुळवड जवळ आली की फोनवर एक संदेश फिरू लागतो आणि यंदा तो मला चार निरनिराळ्या गटांतून आला. त्याचा सारांश असा : ज्या घरी धुळवडीला मटण शिजते त्या घराने शाकाहारी पाहुण्यांसाठी जिवाचा आटापिटा करू नये. शाकाहारी स्वयंपाकात मुख्य पदार्थ असा काही नसतोच, तेव्हा बाहेरून पनीरची भाजी मागवावी. नाहीतर मटणाचा रस्सा तुकडे बाजूला काढून वाढावा, कारण रस्सा म्हणजे शेवटी मसालाच. फारच हौस असेल तर फणसाचे किंवा सोयाबीनच्या वड्यांचे ‘मटण’ करावे. एरवी शाकाहारी ताटात पोषण नसतेच, शाकाहारी माणसाला मांस सोडून बाकी सगळे चालते आणि मुंबईच्या घरात दोन स्वयंपाकांना ना जागा असते ना वेळ.

लिहिणाऱ्याचा हेतू सणाच्या दिवशी घरच्या बाईचे श्रम वाचवण्याचा असावा आणि त्या हेतूशी माझे भांडण नाही. पण यातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे आणि एक विधान तर पाहुण्यांची फसवणूक करायला सांगणारे आहे. माझे माहेर दादरचे, चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचे, आणि सासर लालबागचे, मालवणी. दोन्ही घरांत धुळवड मटणाशिवाय होत नाही आणि दोन्ही घरांत त्या दिवशी शाकाहारी माणसे जेवायला असतातच, कोणी शेजारी म्हणून तर कोणी सोयरे म्हणून. त्यामुळे हा विषय मला ऐकीव नाही.

शाकाहारी स्वयंपाकात मुख्य पदार्थच नसतो, या पहिल्या विधानापासून सुरुवात करते. मालवणी घरात सणाचे जेवण म्हणजे वडे-सागोती, म्हणजे वडे आणि मांसाचा रस्सा, हे सगळ्यांना माहीत असते. पण त्याच वड्यांबरोबर ज्यांना सागोती चालत नाही त्यांच्यासाठी काळ्या वाटाण्याचे सांबार करण्याची रीत तितकीच जुनी आहे आणि ते कोणी तोंडीलावणे म्हणून करत नाही. लालबाग-परळच्या कुठल्याही मालवणी घरात विचारा, वडे आणि काळ्या वाटाण्याचे सांबार हे पूर्ण जेवण मानले जाते. आठ माणसांसाठी अर्धा किलो काळे वाटाणे आदल्या रात्री भरपूर पाण्यात भिजत घालावेत, कारण हे कडधान्य कठीण असते आणि त्याला दहा-बारा तास लागतातच. सकाळी ते कुकरमध्ये इतके शिजवावेत की दाणा अख्खा राहिला पाहिजे, पण दोन बोटांत धरून दाबला तर आतून पिठूळ फुटला पाहिजे. वाटणासाठी उभा चिरलेला कांदा तेलावर चांगला तांबूस होऊ द्यावा आणि सुके खोबरे वेगळे, मंद आचेवर, कडेने काळपट होईपर्यंत भाजावे. बहुतेकांची घाई इथेच होते. खोबरे नुसते गुलाबी झाले की गॅस बंद करतात आणि मग सांबार फिके लागले म्हणून मालवणी मसाला वाढवत बसतात. मटणाच्या रश्श्याला चरबीमुळे आणि हाडांतून उतरणाऱ्या अंशामुळे आपोआप अंग येते. सांबाराला ते या भाजण्यातून आणि दाटपणातून आणावे लागते. त्यासाठी माझ्या सासूबाई शिजलेल्यांतले पळीभर वाटाणे काढून वाटणातच वाटत असत, म्हणजे रस्सा मिळून येतो आणि पाणी वेगळे, दाणे वेगळे असे होत नाही. आमसूल घालायचे तर वाटाणे पूर्ण शिजल्यावरच घालावे, कारण आंबटात कडधान्य मऊ होत नाही.

माझ्या माहेरी या जागी वालाचे बिरडे असते. कडवे वाल भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून एकेक दाणा सोललेला असतो आणि नंतर झाकणावर पाणी ठेवून ते अशा बेताने शिजवले जाते की डाळिंबी, म्हणजे सोललेला दाणा, मोडू नये. शिमग्याच्या सुमारास बाजारात ओले काजूगर येतात. त्यांची उसळ केली तर पाहुण्याला आपल्यासाठी खास काहीतरी केले आहे हे सांगावे लागत नाही. ते महाग असतात हे खरे, पण त्या दिवशी मटणही स्वस्त नसते. पनीर वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. लोणी-टोमॅटोच्या गोडसर रश्श्यातले हॉटेलचे पनीर वड्यांशी जमत नाही आणि आपल्याकडे इतके असताना ते आणायचे कारण मला सापडत नाही.

तुकडे काढून रस्सा वाढण्याचा सल्ला मात्र नुसता चुकीचा म्हणून सोडून देता येत नाही. रस्सा म्हणजे मसालाच, हे स्वयंपाकाच्या दृष्टीनेही खोटे आहे. मटण तासभर उकळते तेव्हा चरबी वितळून रश्श्यात उतरते, हाडांना आणि शिरांना चिकटलेला भाग विरघळून पाण्याला चिकटपणा आणतो, आणि रश्श्याची चव म्हणतात ती याच्यामुळेच असते. गाळणीने तुकडे निघतात, हे निघत नाही. ज्याने आयुष्यभर मांस खाल्लेले नाही त्याला ते न सांगता खायला घालणे हा त्याच्या विश्वासाचा घात आहे. आणि सांगून वाढले तर तो खाणार नाही, म्हणजे सल्ला कोणत्याही बाजूने निरुपयोगीच.

जेवण बिघडायला रस्साच लागतो असेही नाही. माझ्या मुलीच्या लग्नानंतरच्या पहिल्या धुळवडीला विहीणबाई आणि व्याही आमच्याकडे आले होते. दोघेही माळकरी. मी त्यांच्यासाठी फ्लॉवर-मटारचा रस्सा वेगळ्या पातेल्यात केला होता आणि माझ्या समजुतीने सगळे व्यवस्थित होते. पंगत बसली, वाढण्याची गडबड उडाली आणि कोणीतरी मटणाच्या पातेल्यातला डाव उचलून फ्लॉवरच्या पातेल्यात घातला. विहीणबाईंनी ते पाहिले. त्यांनी कपाळाला आठीसुद्धा पडू दिली नाही. ‘आज पोट जरा जड आहे,’ एवढे बोलून वरणभातावर त्यांनी जेवण उरकले आणि मला त्याचे कारण दोन दिवसांनी मुलीकडून कळले. त्या बाई एस.टी.चा चार तासांचा प्रवास करून आमच्या घरी सणाला आल्या होत्या. ती गोष्ट मला आजही बोचते.

डाव, झारे, पळी, तळणीचे तेल या सगळ्याचा विचार त्यामुळे आधीच करावा लागतो. वडे तळून झाल्यावर त्याच तेलात सुरमईचे तुकडे तळले तर चालेल, उलट क्रमाने चालणार नाही. वाटण दोन्हीकडे एकच असायला हरकत नाही, पण ते मिक्सरमधून काढल्या काढल्या, मटणाला हात लागण्यापूर्वी, दोन भांड्यांत विभागलेले असावे. आपल्या भाज्यांतही सवयीने काय काय जाते ते आठवावे. वांग्यात सोडे, कोबीत कोलंबी, चटणीत सुकट : किनारपट्टीच्या घरांना यात मांसाहार केल्यासारखे वाटतच नाही, इतके ते अंगवळणी पडलेले असते. बाजारच्या वस्तूंचेही तसेच. वूस्टर सॉसमध्ये मूळ पद्धतीप्रमाणे अँकोव्ही नावाचे मासे असतात, काही परदेशी चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजलेली असतात, जिलेटिन हाडा-कातड्यांपासून होते. वेष्टनावर चौकोनात हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण, एवढे पाहिले तरी यातले बहुतेक प्रश्न दुकानातच सुटतात. आपल्या कायद्याने दूध शाकाहारात धरले आहे आणि अंडे मांसाहारात, तेव्हा शेवटी केक आणणार असाल तर तोही त्याच नजरेने पाहावा.

फणसाचे किंवा सोयाबीनचे ‘मटण’ करावे, या सूचनेमागे एक गृहीत आहे : शाकाहारी माणसाला मनातून मटणच हवे असते आणि तो फक्त अडलेला असतो. ज्याने वर्षा-दोन वर्षांपूर्वी मांस सोडले आहे त्याला ती चव कदाचित आवडेल. जन्मापासून शाकाहारी असलेल्या माणसाला ताटात मटणासारखा दिसणारा, मटणासारखा लागणारा तंतुमय तुकडा आला की घास घशाखाली उतरत नाही, आणि हे आपण खरेच शाकाहारी खातो आहोत ना, ही शंका जेवण संपेपर्यंत जात नाही. फणसाच्या कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या होते आहे. हाताला आणि विळीला तेल लावून ती चिरायची, हळद-मीठ घालून वाफवायची, ठेचायची, आणि मोहरी-मिरचीच्या फोडणीवर ओले खोबरे घालून परतायची. तिला मटणाचे सोंग देण्याची गरज मला कधी वाटली नाही.

पोषणाचा मुद्दा थोडक्यात. कोरड्या कडधान्यांत शंभर ग्रॅमला साधारण 20 ते 25 ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे वर सांगितलेल्या अर्धा किलो वाटाण्यांतून आठ जणांना माणशी 12 ग्रॅमहून जास्त मिळतात, आणि वड्यांतली उडदाची डाळ, शेजारचे दही हे वेगळेच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये दिलेल्या प्रमाणानुसार 55 किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे 46 ग्रॅम आणि 65 किलोच्या पुरुषाला 54 ग्रॅम प्रथिने लागतात. एका जेवणातल्या एका पदार्थातून त्याचा चौथा हिस्सा येत असेल तर त्या ताटाला निकस म्हणता येत नाही. उलट, संदेशात मटणाच्या जागी सुचवलेल्या कच्च्या फणसात शंभर ग्रॅमला जेमतेम दोन-तीन ग्रॅम प्रथिने असतात. सोयाबीनच्या वड्यांत ती भरपूर असतात हे मान्य.

शाकाहारी माणसाला मांस सोडून सगळे चालते, हे विधान लिहिणाऱ्याने मुंबईत शेजारपाजार पाहिलेला दिसत नाही. आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडे आहेत आणि त्यांतली तीन शाकाहारी, पण तिन्ही घरांचा शाकाहार वेगळा आहे. जैन कुटुंबात कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, ओले आले यांतले काही चालत नाही. सुंठ आणि हळद मात्र सुकलेली असल्याने चालते. कडक पाळणारे वांगे खात नाहीत आणि मोड आलेले कडधान्यही खात नाहीत. म्हणजे माझ्या माहेरचे इतक्या कौतुकाने केलेले बिरडे त्यांच्या कामाचे नाही, भिजवून लगेच शिजवलेले काळे वाटाणे मात्र चालतात. अर्थात त्यांच्यापुरत्या सांबारात कांदा नसतो. भाजलेले खोबरे आणि धणे यांवर ते उत्तम होते. चोविहार पाळणाऱ्यांना सूर्यास्तानंतर जेवायला बोलावून उपयोग नाही, त्यांना दुपारचेच आमंत्रण द्यावे. माळकऱ्यांमध्ये कोणी कांदा-लसूण खातात, कोणी एकादशीपुरते सोडतात, कोणी चातुर्मासभर आणि कोणी कायमचे. कांदेनवमी नावाचा दिवसच आपल्याकडे आहे, आषाढ शुद्ध नवमीला चातुर्मासाआधीचे कांद्याचे पदार्थ करून खाण्याचा. दूध-तूपही न घेणारी तरुण मुले आता घरोघर दिसतात आणि त्यांच्यासाठी वड्यांच्या पिठात दही घातले आहे का, हे आपल्याला सांगता आले पाहिजे. यावर उपाय एकच आहे आणि तो फुकट आहे : आमंत्रणाच्या फोनवर, ‘काकू, तुमच्याकडे काय काय चालत नाही?’ असे सरळ विचारावे. विचारल्याचा कोणालाही राग आल्याचे मी पाहिलेले नाही.

शेवटचा मुद्दा जागेचा आणि वेळेचा, आणि संदेशातला हा एकच मुद्दा मला खरा वाटतो. दोन बर्नरची शेगडी आणि हातभर ओटा असलेल्या स्वयंपाकघरात, ज्या दिवशी दुपारपर्यंत निम्मे घर रंगात भिजून येत-जात असते त्या दिवशी, दोन मुख्य पदार्थ करणे सोपे नाही. पण काळ्या वाटाण्याच्या सांबाराचे काम त्या दिवशी फार उरतच नाही. होळीच्या संध्याकाळी पुरण वाटून झाले, मिक्सर धुतला की त्यातच भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचे वाटण करून, दोन डब्यांत विभागून फ्रिजमध्ये ठेवते. रात्री झोपताना वाटाणे भिजत पडतात. वड्यांचे पीठ पहाटे उठल्याबरोबर कोमट पाण्यात भिजवते, म्हणजे दुपारपर्यंत ते वडे थापण्याजोगे होते. नऊ वाजता वाटाण्यांचा कुकर लागतो, दहाला सांबाराला उकळी येते आणि साडेदहापर्यंत ते पातेले उतरलेले असते. मटण त्यानंतर, मोकळ्या झालेल्या शेगडीवर चढते, कारण सांबार जितके मुरते तितके चांगले लागते आणि मटण मात्र गरमच वाढायचे असते. वडे सगळ्यांत शेवटी, ताज्या तेलात. तोवर सांबाराचे पातेले ओट्यावरून हलवून बाहेरच्या टेबलावर झाकून ठेवलेले असते, आणि वाढताना घाई झाली तरी ओळखू यावा म्हणून त्याच्या डावाच्या दांड्याला मी लाल दोरा बांधलेला असतो.