पार्ले कोणाचं राहणार, हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरतं

पार्ले पूर्वेला एखादी जुनी तीन मजली इमारत पुनर्विकासासाठी पाडायला घेतली की दोन तरी पोस्ट हमखास येतात. एकीत जुन्या पार्ल्याच्या आठवणी असतात. दुसरीत मराठी माणूस इथून हद्दपार होतोय म्हणून संताप असतो. संताप समजण्यासारखा आहे, पण तो बिल्डरवर, सरकारवर किंवा शेजारी नव्याने राहायला आलेल्यांवर निघतो. ज्या कागदावर पुढच्या चाळीस वर्षांचे शेजारी ठरतात तो कागद मात्र आपल्याच सोसायटीच्या मीटिंगमध्ये मंजूर होतो, आणि त्या वेळी आपलं सगळं लक्ष "मला किती कार्पेट, किती भाडं, किती कॉर्पस" एवढ्यावरच असतं (कार्पेट म्हणजे घरातली वापरायची जागा, कॉर्पस म्हणजे बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम). म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी लोकवस्तीबद्दल. पार्ल्यात मराठी किती, वृद्ध किती, भाड्याने राहणारे किती, याचे आकडे लोक बिनधास्त फेकतात. शेवटची जनगणना २०११ ची. २०२१ ची झालीच नाही आणि पुढची २०२७ ची आहे. शिवाय महापालिकेचे आकडे के पूर्व वॉर्डचे मिळतात. त्यात अंधेरी पूर्व, जोगेश्वरी पूर्व आणि हायवेपलीकडच्या वस्त्या सगळ्याच आल्या. त्या सरासरीतून हनुमान रोड किंवा मालवीय रोडवरच्या घरांबद्दल काहीही कळत नाही. त्यातल्या त्यात बरं साधन म्हणजे मतदार यादी. तिच्यात प्रत्येकाचं वय असतं. आपल्या यादी भागातले ६० च्या वरचे आणि तिशीच्या आतले मोजा, इमारतवार मांडा, चित्र दिसायला लागतं. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. डोंबिवली-ठाण्याला गेलेल्या मुलांची नावं वर्षानुवर्षं इथेच राहतात, आणि भाडेकरूंची नावं बहुधा नसतातच.

घरांच्या भावाचंही तसंच. एजंट सांगतो तो भाव आणि दस्त होतो तो भाव यात बरंच अंतर असतं. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, फुकट शोधता येते. वर्ष, गाव आणि सीटीएस नंबर (जमिनीचा नगर भूमापन क्रमांक) टाकायचा. पण नुसते आकडे काढून सरासरी मारू नका. क्षेत्रफळ कुठे कार्पेट असतं, कुठे बिल्टअप (भिंती धरून). पार्किंगची किंमत त्यातच मिसळलेली असते. आणि पुनर्विकासात जुन्या सभासदांबरोबर झालेले पर्यायी जागेचे करारही त्याच यादीत येतात. ती विक्री नव्हे, ते बाजूला काढले नाहीत तर सरासरी पार बिघडते.

आता मुख्य हिशेब. तो प्रत्येक सभासदाला यायला हवा, आणि तो अवघड नाही.

समजा १,००० चौरस मीटरचा भूखंड, ९ ते १२ मीटर रुंदीचा रस्ता, तळमजला अधिक तीनची इमारत, १६ घरं, वापरलेला एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम) एक. म्हणजे एकूण बांधकाम १,००० चौ. मी. आणि प्रत्येक घर साधारण ५६० चौ. फूट कार्पेट. २०३४ च्या विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे उपनगरात या रुंदीच्या रस्त्यावर मूळ १, पैसे भरून घ्यायचा प्रीमियम ०.५ आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) ०.५ असा एकूण २ एफएसआय मिळतो. त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे एफएसआयवर मिळणारं जादा बांधकाम. एकूण २,७०० चौ. मी. झाले. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर नियम ३३(७)(बी) खाली आहे त्या बांधकामाच्या १५ टक्के किंवा घरटी १० चौ. मी., यातलं जे जास्त असेल ते प्रीमियम न भरता मिळतं. इथे ते १६० चौ. मी. होतात. बैठकीत हा आकडा बरेचदा "वरचा बोनस" म्हणून सांगितला जातो. तो दोनच्या मर्यादेतच बसतो. त्याने विकत घ्यायचा एफएसआय कमी होतो, इमारत मोठी होत नाही.

जुन्या सभासदांच्या आहे त्या क्षेत्रावरचं ३५ टक्के फंजिबल फुकट मिळतं, म्हणून "३५ टक्के जास्त" ही ऑफर जवळजवळ सगळ्यांकडून येते. ५६० चे ७५५ होतात. उरलेल्या १,३५० चौ. मी. मधून विक्रीला साधारण १३,००० चौ. फूट कार्पेट निघतं. या १३,००० फुटांचे तुकडे कसे पाडायचे, हा पार्ल्यात पुढे कोण राहणार याचा खरा प्रश्न आहे. आणि तो बहुतेक मीटिंगमध्ये विषयपत्रिकेवर येतच नाही.

बिल्डरला हजार फुटांचे १३ थ्री बीएचके हवे असतात. किचन कमी, टॉयलेट कमी, दारं कमी, १३ गिऱ्हाईकं सांभाळली की काम झालं. त्याच जागेत ५९० फुटांचे २२ टू बीएचके बसतात. उदाहरणापुरता फुटाला ४०,००० भाव धरू. मोठं घर ४ कोटींचं. त्यावर ६ टक्के मुद्रांक शुल्क २४ लाख, बांधकाम चालू असताना घेतलं तर ५ टक्के जीएसटी २० लाख, शिवाय ३० हजार नोंदणी फी. लहान घर २ कोटी ३६ लाखांचं, वर साधारण २६ लाख. दोन कोटी छत्तीस लाख ही काही सामान्य माणसाची किंमत नव्हे, तसं भासवण्यात अर्थ नाही. पण नवरा-बायको दोघं चांगल्या नोकरीत, घरच्यांची थोडी मदत आणि मोठं कर्ज, अशा पार्ल्यातच वाढलेल्या जोडप्याला ते गाठता येतं. चार कोटींचं येत नाही. ते जोडपं मग बोरिवलीच्या पुढे जातं.

यावर पहिला आक्षेप येतो तो पार्किंगचा. घरं वाढली की गाड्या वाढणार. नियम उलटं सांगतो. ४५ चौ. मी. कार्पेटपर्यंतच्या चार घरांमागे एक गाडी, ४५ ते ६० च्या दोन घरांमागे एक, ६० ते ९० च्या घराला एक आणि ९० च्या वर प्रत्येक घराला दोन. हजार फुटांचं घर भरतं ९३ चौ. मी., म्हणून १३ घरांना २६ गाड्या. ५९० फुटांचं भरतं ५५ चौ. मी., म्हणून २२ घरांना ११. सभासदांच्या १६ धरून एका आराखड्यात ४२ गाड्या, दुसऱ्यात २७. पाहुण्यांच्या गाड्या वेगळ्या. घेणाऱ्याला नियमापेक्षा जास्त पार्किंग हवं असतं हे खरं, पण तो त्याच्या सोयीचा भाग झाला. नियम तुम्हाला तितकं बांधायला लावत नाही.

हे पार्ल्यात इतर उपनगरांपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे, कारण डोक्यावरून विमानं जातात. मुख्य धावपट्टीचं पश्चिम टोक हायवेला लागून आहे. विमानतळाभोवतीच्या मोठ्या पट्ट्यात विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटर ही कमाल उंची, आणि उतरण्याच्या मार्गाखाली त्याहून खूप कमी. विमानतळ प्राधिकरणाचा ना हरकत दाखला समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत असतो, आणि गफलत तिथेच होते. दाखल्यावर ४० मीटर आहे म्हणून चाळीस मीटरची इमारत होत नाही. जमीन समुद्रसपाटीपासून ७ मीटर वर असेल तर उरले ३३. वरची पाण्याची टाकी आणि लिफ्टची खोली यांचे पाच-सहा मीटर त्यातच. राहिले २७. खाली पार्किंगचे दोन मजले, सात मीटर. उरलेल्या वीस मीटरमध्ये राहायचे मजले बसतात सहा. २,७०० चौ. मी. सहा मजल्यांत म्हणजे मजल्याला ४५० चौ. मी., आणि भूखंड हजारचा. बाजूच्या मोकळ्या जागा आणि आरजी (राखायची मोकळी हिरवी जागा) सोडून ते बसवताना आर्किटेक्टची दमछाक होते. अशा ठिकाणी पार्किंगचा एक मजला वाचला तर राहण्याचा एक मजला वाढतो. म्हणून पीएमसीला (सोसायटीने नेमलेल्या प्रकल्प सल्लागाराला) पहिलं काम द्यायचं ते उंचीचा दाखला काढण्याचं. दाखला हातात नसताना आलेल्या सगळ्या ऑफर हवेतल्या. पूर्ण एफएसआय धरून ७५५ फूट कबूल करायचे आणि दोन वर्षांनी "उंची मिळाली नाही, ६८० घ्या" म्हणायचं, हे अशाच घाईतून घडतं. तोवर इमारत पाडलेली असते आणि सभासद भाड्याच्या घरात असतात.

दुसरा आक्षेप "लहान घरांनी स्टँडर्ड उतरतं" असा. यावर फार बोलावंसं वाटत नाही. जे आज हे म्हणतात त्यांचं स्वतःचं घर ५६० फुटांचं आहे.

आता मेंटेनन्स. पार्ल्यातला मध्यमवर्ग बाहेर पडतो तो बहुतेक याच दाराने, आणि अगदी शांतपणे. जुन्या इमारतीत एक वॉचमन, एक पंप, जिन्यातले दिवे. नव्या इमारतीत दोन-तीन लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा, जनरेटर, यांत्रिक पार्किंगचा वार्षिक करार, चोवीस तास सुरक्षा. आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क आणि लिफ्टचा खर्च घरटी समान वाटला जातो, घराच्या आकाराप्रमाणे नव्हे. समजा असा खर्च महिन्याला साडेतीन लाख. २९ घरांत (१६ अधिक १३) वाटला तर घरटी १२ हजारांवर, ३८ घरांत वाटला तर ९,२०० च्या आसपास. तीन हजारांचा हा फरक दर महिन्याचा आहे, आणि पेन्शनवर जगणाऱ्याला तो जाणवतो. १५ लाखांच्या कॉर्पसवर ७ टक्क्यांनी महिन्याला ८,७५० रुपये सुटतात, तेही कर भरायच्या आधी. पहिल्याच वर्षी बारा हजारांना ते पुरत नाहीत. दहाव्या वर्षी मेंटेनन्स वाढलेला असेल, व्याज तेवढंच.

त्यात मालमत्ता कर. ५०० चौ. फूट कार्पेटपर्यंतच्या घरांना मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून माफी आहे. आज ४५० फुटांत राहणारा माणूस तो भरतच नाही. पुनर्विकासात त्याचे ६०७ होतात, माफी जाते, आणि कर लागतो तो नव्या इमारतीच्या भांडवली मूल्यावर. जास्तीची जागा सगळ्यांना हवी असते. पण एखाद्या एकट्या बाईंना ४९० फुटांचं घर आणि उरलेल्या जागेचे पैसे सोयीचे पडत असतील, तर तसा पर्याय ऑफरमध्ये मागायला काय हरकत आहे? मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

वारसांचा प्रश्न लोक सर्वात जास्त टाळतात. आई-वडील गेले, एक मुलगा पुण्याला, एक मुलगी अमेरिकेत, एक इथेच. घर तीन कोटींचं. इथे राहणाऱ्याने दोघांना एकेक कोटी द्यायचे म्हटले तर ते आणायचे कुठून? घर विकलं जातं. त्यात कोणाचा हलकटपणा नसतो, तो सरळ भागाकार आहे. पण कागद तरी वेळेवर करा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सहकार कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो आणि वारस ठरेपर्यंतच त्याचं नाव राहतं. मृत्युपत्र, वारस दाखला किंवा कुटुंबातला नोंदणीकृत करार विकास करारनाम्याच्या (सोसायटी आणि बिल्डर यांच्यातल्या कराराच्या) आधी हातात हवा. नंतर तीन भावंडांपैकी एकाची सही अडते आणि पर्यायी जागेचा करार वर्षानुवर्षं लटकतो. विकणाऱ्यांपैकी एखादा परदेशस्थ असेल तर त्याच्या हिश्श्यावर नेहमीचा १ टक्का टीडीएस चालत नाही, खूप जास्त कापावा लागतो. कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधी काढून ठेवावं, नाहीतर ऐन दस्ताच्या वेळी व्यवहार अडतो.

नव्या इमारतींत मराठी माणसांसाठी काही घरं राखून ठेवावीत अशी मागणी पार्ल्यातून पुढे आली होती, तिच्यावर भरपूर वाद झाला. भाषेवर घर राखून ठेवणं मला पटत नाही, आणि ते न्यायालयात टिकेल असंही वाटत नाही. पण त्याच मागणीत लहान घरांचा मुद्दा होता, तो अगदी बरोबर होता आणि त्यावर कोणी बोललं नाही. लहान घरं बांधायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. सोसायटीने निविदेतच लिहायचं: विक्रीच्या घरांपैकी किमान निम्मी ६० चौ. मी. कार्पेटच्या आतली असतील, ती जोडून एक करता येणार नाहीत, आणि विक्री खुली करण्याआधी साठ दिवस सभासदांच्या मुलांना व भावंडांना त्याच भावाने पहिला हक्क राहील. बिल्डर थोडे फूट कमी देईल. किती कमी, ते दोन्ही आराखड्यांच्या आकड्यांसह लेखी मागवा आणि मग मत द्या. स्वयंपुनर्विकास करणाऱ्या सोसायट्यांना तर हे कोणाला विचारावंही लागत नाही. पैसा उभा करण्याची डोकेदुखी मोठी, पण तुकडे कसे पाडायचे ते त्यांच्याच हातात.

वेळ मात्र सांभाळा. सहकार कायद्याच्या कलम ७९ अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे पुनर्विकासाच्या सभेला एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश कोरम लागतो, विकासक निवडताना उपनिबंधकांचा अधिकारी हजर असतो, व्हिडिओ चित्रण होतं. न्यायालयांनी मात्र ही तत्त्वं मार्गदर्शक मानली आहेत, म्हणून शेवटी तुमच्या बाजूने उभं राहतं ते विकास करारनाम्यातलं कलम. घरांच्या आकाराची अट निविदेच्या मसुद्यात नसेल तर ऑफर तिच्याशिवाय येतात, तुलना तिच्याशिवाय होते आणि विकासक निवडल्यावर ती घालायची म्हटलं की सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. तेव्हा कोणीही तयार होत नाही. तुमच्या सोसायटीत पीएमसी नेमायची सभा लागली असेल, तर लेखी सूचना द्यायची ती त्या सभेआधी.