केळ्यानं जनुकातला दोष भरून निघत नाही

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'तरणीताठी पोरं पोहताना, पळताना कोसळतात ती पोटॅशियम कमी पडल्यामुळं. रोज दोन केळी आणि शहाळं घ्या. एको नॉर्मल असेल तर हृदय ठणठणीत. घरातल्या बाकीच्यांना काही धोका नाही.' मी रोज ईसीजी, म्हणजे हृदयातल्या विजेचा आलेख काढते. या मेसेजवर विसंबून कुणाचा तरी जीव जाईल, म्हणून लिहितेय.

'पोटॅशियम कमी पडतं.' हृदयाच्या पेशीत ते बाहेरच्या तीसपटीहून जास्त असतं. प्रत्येक ठोक्यानंतर ते पेशीच्या भिंतीतल्या बारीक वाहिन्यांतून बाहेर पडतं, तेव्हा पेशी पुढच्या ठोक्याला तयार होते. अशा काही पोरांना 'लाँग क्यूटी' नावाचा जन्मजात आजार असतो: केसीएनक्यू१ किंवा केसीएनएच२ जनुकात दोष असला की या वाहिन्या नीट चालत नाहीत आणि तयारीला वेळ लागतो. पाटाचं दारच अडकलंय आणि हे सांगताहेत, विहिरीत पाणी वाढवा! जुलाब-उलट्यांत पोटॅशियम घसरलं तर अशा माणसाचा धोका वाढतो, एवढं खरं. पण ज्याचं मूत्रपिंड अधू आहे त्यानं रोज शहाळं प्यायलं, तर पोटॅशियम चढून हृदय थांबू शकतं.

'एको नॉर्मल.' एकोत हृदयाची रचना आणि पंपिंग दिसतं, विजेचा बिघाड दिसत नाही. कृष्णेत पोहताना शुद्ध हरपलेल्या एका पोराला दोन वर्षं फिटच्या गोळ्या चालू होत्या. आईनं फाइल आणली. एको, एमआरआय सगळं नॉर्मल. मी ईसीजीची पट्टी टेबलावर पसरली. ठोके मिनिटाला साठ, आणि आलेखातल्या क्यू लाटेच्या सुरुवातीपासून टी लाटेच्या शेवटापर्यंत (पेशी पुन्हा तयार होईपर्यंतचा हा वेळ, म्हणजे क्यूटी) बारीक चौकोन भरले तेरा. एक चौकोन ४० मिलिसेकंदांचा, म्हणजे ५२०. ४८०च्या पुढं गेलं की डॉक्टर लाँग क्यूटी धरूनच चालतात. हृदयाची लय बिघडून मेंदूला रक्त पोचत नव्हतं, म्हणून हातपाय झटकत होता. ती फिट नव्हतीच. केसीएनक्यू१च्या दोषात पोहणं हेच नेमकं निमित्त ठरतं, केसीएनएच२च्या दोषात अचानक वाजलेला गजरसुद्धा. शिवाय दोष असूनही एखादी पट्टी नॉर्मल येऊ शकते.

'घरातल्यांना धोका नाही.' साफ खोटं. आई किंवा वडिलांत दोष असला तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. त्या आईचीही पट्टी काढली, तिचाही क्यूटी लांब. लहानपणापासून येणाऱ्या चकरा ती अशक्तपणा समजत होती.

दोघांनाही आता बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाची लय बिघडू नये म्हणून दिलं जाणारं औषध, सुरू आहे. अझिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिकं आणि उलटीवरचं ऑन्डान्सेट्रॉन क्यूटी आणखी लांबवतात. घरात कुणाला हा आजार असेल तर कुठलंही औषध घेण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा.