तिनाचे चार करून आण

महाविद्यालयाबाहेर, स्वतःच्या बळावर विज्ञानाचा एखादा विषय शिकून, त्याची परीक्षा देऊन पदवीचे श्रेयांक (क्रेडिट) मिळवावेत, असा सद्विचार तुमच्या मनात आला असेल तर तुमचे अभिनंदन. मी नुकतीच या वाटेने जाऊन आले आहे. खरे तर गेले आहे एवढेच म्हणता येईल, परत आले की नाही हे परीक्षा विभागाने अद्याप ठरवलेले नाही. मागच्या मंगळवारी दुपारी तीन क्रमांकाच्या खिडकीपाशी उभी असताना मला जे ज्ञान प्राप्त झाले, ते बारा आठवड्यांच्या जैवरसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमात कोठेही नव्हते. ते स्वतःजवळ ठेवणे अप्पलपोटेपणाचे ठरेल, म्हणून हा मार्गदर्शनपर लेख.

सुरुवात अभ्यासक्रम निवडण्यापासून करावी. सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये ‘एनपीटेल’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे दालन सुरू केले, पुढे जुलै २०१७ मध्ये केंद्र सरकारचे ‘स्वयम’ हे तसेच दालन आले, आणि आज भौतिकशास्त्रापासून वनस्पतिशास्त्रापर्यंत कोणताही विषय एक पैसा न देता घरी बसून शिकता येतो. पैसे लागतात ते परीक्षेला बसायचे असेल तरच. एवढा बाजार समोर मांडलेला पाहून ज्या विषयाची गोडी आहे तो घ्यावा, असे तुम्हाला वाटेल. ही चूक करू नका. शेजारच्या बाकावरील मैत्रिणीने जो घेतला तोच घ्या, आणि तिने तो सर्वांत कमी आठवड्यांचा म्हणून घेतला असेल तर त्याहून उत्तम निकष जगात नाही. मी गोडी पाहिली. एन्झाइम हा प्रकार मला अकरावीपासून आवडतो, आणि तेच माझ्या अंगाशी आले.

नोंदणी करण्यापूर्वी आधार कार्डावरील, दहावीच्या गुणपत्रिकेवरील आणि अपार आयडी या विद्यार्थी ओळखक्रमांकावरील नाव अक्षरशः एकच आहे याची खात्री करून घ्या. ते एकच असेल, तर तुमचे शिक्षण महाराष्ट्रात झालेले नसावे.

व्याख्याने दीडपट वेगाने ऐकावीत. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात अर्ध्या अर्ध्या तासाची साठेक व्याख्याने असतात, आणि आमच्या गावात वीज ज्या हिशेबाने येते त्या हिशेबाने ती मूळ वेगात ऐकायची ठरवल्यास पदवी आणि निवृत्तिवेतन एकाच वर्षी हाती पडेल.

आता असाइनमेंटविषयी. दर आठवड्याच्या असाइनमेंटपैकी सर्वोत्तम आठ धरून त्यांना २५ गुण असतात, उरलेले ७५ केंद्रावरील परीक्षेला. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० गुण स्वतंत्रपणे मिळवावे लागतात. हे गुण मिळवण्याचा राजमार्ग तुमच्या मोबाईलमध्येच आहे. वर्गातील कोणालाही विचारा, तो तुम्हाला एका गटात घेईल. त्या गटात प्रश्न प्रसिद्ध झाल्यानंतर काही तासांतच उत्तरे येतात, आणि त्यांतील काही चुकीची असली तरी ती एकमताने चुकीची असतात, ही मोठी मानसिक आधाराची गोष्ट आहे. मी त्या गटात गेले नाही. परिणामी चौथ्या आठवड्यात संपूर्ण वर्गाला दहापैकी नऊ गुण मिळाले आणि मला तीन. ॲसेटिक आम्लाचा पीकेए (आम्लाची तीव्रता सांगणारा आकडा) ४.७६, आम्ल दहा भाग आणि ॲसिटेट एक भाग असेल तर पीएच किती, असा तो सोपा प्रश्न होता. मी गुणोत्तर उलटे धरले आणि ३.७६ च्या जागी ५.७६ लिहून बसले. हाच उलटा अपूर्णांक मी आणखी तीन प्रश्नांत इमानाने वापरला. त्या रात्री मी बफरचे, म्हणजे पीएच स्थिर राखणाऱ्या अशा मिश्रणांचे, प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचले. नऊ गुण मिळालेल्यांना तसे काही करावे लागले नाही.

शंका विचारू नका. विचारायचीच झाली, तर महाविद्यालयात विचारू नका; ‘ऑनलाइन घेतलेस ना, मग ऑनलाइनच विचार’ हे उत्तर मी तुम्हाला येथेच विनामूल्य देऊन ठेवते.

प्रात्यक्षिकांची काळजी करण्याचे कारण नाही, कारण पडद्यावरील ब्यूरेट कधीही गळत नाही.

याहून महत्त्वाचा सल्ला असा, की निसर्गाविषयी कोणतेही ठाम मत बनवू नका. एका ग्लुकोजच्या रेणूपासून पेशी किती एटीपी (ऊर्जा पुरवणारे रेणू) तयार करते? आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील, पुठ्ठा निसटलेल्या पुस्तकात ३८ आहेत. एका मार्गदर्शिकेत ३६ आहेत. ऑनलाइन व्याख्यानात ३२ किंवा ३० सांगतात. मी दोन संध्याकाळी खर्च करून याचा छडा लावला: जुन्या हिशेबात इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या रेणूंपैकी एका एनएडीएचचे ३ आणि एका एफएडीएच-टूचे २ एटीपी धरत असत, पुढे ते अनुक्रमे २.५ आणि १.५ धरले जाऊ लागले, आणि पेशीद्रवात तयार झालेल्या एनएडीएचचे इलेक्ट्रॉन तंतुकणिकेत कोणत्या मार्गाने पोहोचतात त्यावर ३२ की ३० हे ठरते. एकदा हे कळले की चारही आकडे कोठून आले ते दिसते आणि पाठ करायला काहीच उरत नाही. परंतु परीक्षेच्या दृष्टीने ही माहिती निरुपयोगीच नव्हे तर घातक आहे, कारण आमच्या येथील प्रश्नपत्रिकेत अजून ३८ लाच गुण मिळतात. तेव्हा परीक्षा कोणाची आहे हे आधी पाहावे आणि मग पेशीला तेवढे एटीपी तयार करण्याची विनंती करावी.

परीक्षेच्या दिवसाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. शुल्क एक हजार रुपये, केंद्र मी स्वतःच निवडलेले नाशिक, पहाटेची एसटी, आईने बांधून दिलेल्या दशम्या आणि दुपारी दोन ते पाच असा संगणकावरील पेपर. पडद्यावरच्या गणकयंत्राचे एकेक बटण माउसने दाबत लॉग काढणे ही एक वेगळीच साधना आहे. पण एका प्रश्नात एन्झाइमचा वेग दाखवणारा लाइनवीव्हर-बर्क आलेख आला; उभ्या अक्षावरील छेद ०.०२, आडव्या अक्षावरील उणे ०.२५. म्हणजे व्हीमॅक्स (कमाल वेग) ५० आणि केएम (निम्म्या वेगाला लागणारी संहती) ४. कोणी फळ्यावर शिकवले नव्हते, कोणी नोट्स दिल्या नव्हत्या, आणि आकडे आपोआप जागेवर बसले. उपरोधिक लेखात हे सांगू नये हे मला कळते, परंतु मला त्या तीन तासांत आनंद झाला. परतीच्या एसटीत उभ्याने प्रवास करूनही तो टिकला. असाइनमेंटचे २१ आणि परीक्षेचे ४६ असे एकूण ६७ गुण पडले, आणि साठीच्या वर असल्यामुळे प्रमाणपत्रावर ‘एलिट’ असा शब्दही छापून आला.

येथपर्यंत जे सांगितले तो पूर्वतयारीचा भाग झाला. खरी परीक्षा यानंतर असते. त्यासाठीचा सल्ला एकच आहे, तो नीट ऐका. प्रमाणपत्र मिळाले की ते श्रेयांकात रूपांतरित होते, असे समजू नका. माझे तीन श्रेयांक रीतसर माझ्या श्रेयांक बँकेच्या खात्यात दिसतात. ही बँक जुलै २०२१ मध्ये सुरू झाली आणि तेथे श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात, घरचे लोणचेसुद्धा एवढे टिकत नाही. फक्त ते काढून पदवीच्या पानात वाढायचे म्हटले की वाढपी गायब होतो. माझ्या चौथ्या सत्राच्या गुणपत्रिकेवर, ज्या मायनर (दुय्यम विषयाच्या) पेपरऐवजी मी हा अभ्यासक्रम केला, त्या पेपरसमोर ‘गैरहजर’ असे छापून आले. मी प्रमाणपत्र घेऊन तीन क्रमांकाच्या खिडकीवर गेले. तेथील बाबूंनी ते उलटसुलट करून पाहिले आणि अत्यंत प्रेमाने म्हणाले, “अगं, हे तीनचे आहे. आपल्याकडे तीनचा पेपरच नसतो. दोनचा असतो, चारचा असतो. तिनाचे चार करून आण.”

बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम तीन श्रेयांकांचा असतो, ही गोष्ट तो सुरू होण्यापूर्वीच पहिल्या पानावर लिहिलेली असते. आमच्या महाविद्यालयाने सूचनाफलकावर लावलेल्या यादीतही ती लिहिलेली होती. होय, यादी त्यांनीच लावली होती. ‘प्रत्येक विद्यार्थ्याने किमान एक अभ्यासक्रम पूर्ण करणे अनिवार्य आहे’ अशी ठळक अक्षरांतील सूचना तिच्या डोक्यावर होती, आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी नॅकची समिती येणार आहे हे आम्हाला त्याच आठवड्यात भिंतींना रंग लागला तेव्हा कळले होते. मी समन्वयक सरांकडे गेले. यादी केवळ मार्गदर्शक होती, असे ते म्हणाले. ‘अनिवार्य’ या शब्दाचा हा अर्थ मला नवा होता. विभागप्रमुख मॅडम सही करायला तयार होत्या, पण प्राचार्यांच्या सहीखाली. प्राचार्य सही करायला तयार होते, पण विभागप्रमुखांच्या सहीवर. आणि कागदावर आधी कोणाची सही येते हा प्रश्न अंडे आणि कोंबडीच्या प्रश्नाइतकाच जीवशास्त्रीय असल्यामुळे तीन दिवस गेले. मग मला विद्यापीठात पाठवण्यात आले. दोन एसट्या बदलून मी गेले. तेथे समकक्षतेचे टेबल ज्यांच्याकडे आहे ते साहेब रजेवर होते, आणि ज्यांच्याकडे तात्पुरते दिले होते त्यांनी सांगितले की महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, परिपत्रकाच्या क्रमांकासह पत्र हवे. परत आले. महाविद्यालय म्हणाले, परिपत्रक विद्यापीठाचे असते, क्रमांक त्यांनीच द्यायचा. मंगळवारी मी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांची छापील प्रत सोबत नेली. एका सत्रातील अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम’वरून करता येतात आणि त्यांचे श्रेयांक वर्ग करून देण्यास विद्यापीठाने नकार देऊ नये, या वाक्यांखाली मी लाल पेनने रेघा ओढल्या होत्या. बाबूंनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, “हे दिल्लीचे आहे.”

म्हणून माझा सल्ला असा, की अभ्यास सुरू करण्यापूर्वी… नाही, मला आता सल्ला देता येत नाही. उपरोधालाही काही मर्यादा असते, आणि ती मंगळवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीसाठी खिडकी बंद झाली तेव्हा संपली.

महाविद्यालयालाच सरळ विचारते. तुमच्या पेपरांच्या चौकटीत तीन श्रेयांकांना जागा नव्हती, तर त्या यादीत तीन श्रेयांकांचे अभ्यासक्रम का टाकलेत? उरलेल्या एका श्रेयांकासाठी चार आठवड्यांचा आणखी एक अभ्यासक्रम जोडायला सांगता आला असता, किंवा पंधरा तासांचे काही काम देता आले असते; यासाठी अभ्यासमंडळाची एक बैठक आणि अर्धे पान ठराव पुरला असता. नोंदणीच्या वेळी आमच्याकडून नाव, वर्ग आणि स्क्रीनशॉट मागणारा तक्ता तुम्ही दोन दिवसांत भरून घेतलात, कारण आकडा समितीला दाखवायचा होता. आकडा दाखवून झाल्यावर त्या आकड्यातील माणसे कोठे गेली, हे पाहण्याची जबाबदारी कोणाची होती? ज्या मुलांनी गटातून उत्तरे उतरवली आणि परीक्षेला गेलीच नाहीत, ती तुमच्या अहवालात ‘नोंदणीकृत’ म्हणून मोजली गेली आणि मायनरच्या पेपरला बसून मोकळीही झाली. जी परीक्षा देऊन आली, तिला तुम्ही ‘गैरहजर’ लिहिलेत.

आणि सर, मुले हल्ली स्वतःहून काही वाचत नाहीत, असे आपण दर वर्षी स्नेहसंमेलनात बोलता. यापुढे ते वाक्य बोलू नका. मी वाचले. गुणोत्तर उलटे धरले, पुन्हा वाचले, ३८ आणि ३२ मधला फरक कोणाला न विचारता शोधला, आणि त्याचे मोल तुमच्या कार्यालयात एका शिक्क्याइतकेही झाले नाही. खालच्या वर्गांतील मुली मला विचारतात, ताई, आम्ही घेऊ का हा अभ्यासक्रम? त्यांना मी काय सांगावे, हे तुम्ही मला लेखी द्या.

माझा अर्ज आवक विभागात शिक्का मारून जमा केला आहे आणि त्याची पोच माझ्याकडे आहे. त्यावर होय लिहायचे असेल तर होय लिहा, नाही लिहायचे असेल तर नाही लिहा, पण खाली नाव आणि पद घालून सही करा. मायनरच्या पेपरचा पुनर्परीक्षा अर्ज भरण्याची मुदत शुक्रवारी संपते, आणि त्याचे शुल्क स्वीकारणारी खिडकीही तीन क्रमांकाचीच आहे.