तासभर दाब टिकला म्हणजे लायनिंग ‘स्ट्रक्चरल’ झालं असं नाही

नमस्कार साहेब,

आमच्या टेस्टिंग लॅबला तुम्ही दिलेला एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. रिपोर्ट उशिरा दिला, पैसे जास्त घेतले आणि १५ बार दाबाला तासभर एक थेंबही न गळलेल्या लायनिंगला (जुन्या पाइपला आतून मारायचा पॉलिमरचा थर) आम्ही ‘फुल्ली स्ट्रक्चरल’, म्हणजे स्वतःच्या बळावर दाब पेलणारं, असं लिहून दिलं नाही, असं तुमचं म्हणणं.

बिल कोटेशनाइतकंच आहे आणि कोटेशनवर तुमची सही आहे. नमुन्याचे आकडे मी इथे टाकणार नाही, रिपोर्ट तुमचा आहे. पण १५ बारचं तुम्हीच लिहिलंय, म्हणून बोलतो.

तो दाब पेलला कोणी? तुम्ही आणलेला बिडाचा तुकडा धडधाकट होता. लायनिंग न मारताही तो गळला नसता! जमिनीत पन्नास-साठ वर्षं काढलेलं बीड वेगळं असतं. त्यातलं लोखंड गंजून निघून जातं, ग्राफाइट जागेवर राहतं. पाइप बाहेरून अख्खा दिसतो आणि चाकूने खरवडला की पेन्सिलीच्या शिशासारखी काळी भुकटी पडते. म्हणून आम्ही पाइपला भोकं पाडून त्यावरचं लायनिंग दाबाखाली किती फुगतं ते बघतो, आणि पाइपपासून सुटं केलेलं लायनिंगही ताणून, वाकवून तपासतो. अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशनच्या एम-२८ पुस्तिकेत लायनिंगचे चार वर्ग आहेत. पहिला फक्त गंज थांबवतो; दुसरा-तिसरा भोकं, भेगा झाकतो, पण भार जुन्या पाइपवरच. जुना पाइप नाहीच असं धरून सगळा दाब एकट्याने घेतो तो चौथा. तुम्हाला हवा होता तो शिक्का याचा.

वेळेचं म्हणाल तर पॉलिमर कायमच्या भाराखाली हळूहळू ताणत जातं. पुस्तकांची फळी पहिल्या दिवशी सरळच असते. त्यासाठी १०,००० तासांची चाचणी असते, म्हणजे जवळजवळ चौदा महिने. त्यावरून ५० वर्षांचा अंदाज काढतात. तुम्ही ती घेतलीच नाहीत, त्यामुळे रिपोर्टमध्ये ‘दीर्घकालीन ताकद तपासलेली नाही’ असंच येणार.

दुसऱ्या लॅबने दोन दिवसांत पास केलं म्हणता. त्या रिपोर्टात नमुना पाइपसकट तपासलाय की सुटा, तेवढं बघा.

लांबची चाचणी लावायची असेल तर साइटवर मारता तेवढ्याच जाडीचं लायनिंग सपाट प्लेटवर मारून आणा. तुमच्या पार्टीचे इंजिनिअर बघायला आले तरी चालतील, फक्त आदल्या दिवशी फोन करा.