बाळाच्या मांडीतली पहिली सुई

मागच्या महिन्यात मामेबहिणीला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन गेले, तर पेढे राहिले बाजूला, खोलीत सगळे गप्प. रात्री या दोघांनी बाळाला व्हिटॅमिन केचं, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या जीवनसत्त्वाचं, इंजेक्शन नको म्हणून सही करून दिली होती आणि मामी रुसून बसली होती. बहीण बँकेत, नवरा इंजिनिअर. अडाणी म्हणून सोडून द्यावं तर तसंही नाही.

"ताई, एवढंसं पिल्लू, आल्या आल्या टोचायचं? निसर्गाला कळत नाही का काय द्यायचं ते?"

मी म्हटलं, या एका बाबतीत निसर्गाने हात आखडताच घेतलाय. आईकडून बाळाला सगळं मिळतं हे ऐकतच आपण वाढलो, पण व्हिटॅमिन के वारेतून पलीकडे फारसं जातच नाही. मोठ्या माणसाच्या आतड्यातले जंतू थोडंफार तयार करतात. बाळाच्या आतड्यात अजून त्यांची वस्तीच नाही. अंगावरच्या दुधातही ते फार कमी. बाळंतिणीने दोन्ही वेळ शेपू-मेथी खाल्ली तरी बाळाला पुरेल एवढं दुधात उतरत नाही. (यावरून कुणी अंगावरचं दूध बंद करू नका, नाहीतर मामी माझ्याशीही बोलायची नाही.) रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि त्यांना हे लागतंच. हेनरिक डॅम नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाला हे कोंबडीच्या पिलांमुळे सापडलं. चरबी नसलेलं खाणं दिलेल्या पिलांच्या कातडीखाली रक्त साकळायचं. 'कोआग्युलेशन' म्हणजे गोठणं, जर्मनमध्ये ते 'के'ने लिहितात, तोच 'के' याला मिळाला, आणि डॅमला १९४३चं नोबेल.

आता भीतीचं बोलते. हे कमी पडलं की बाळाला रक्तस्राव होऊ शकतो. पहिल्या आठवड्यातला निदान दिसतो तरी. बेंबीतून, नाकातून, शीतून. खरी धास्ती उशिरा येणाऱ्याची, दोन आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत कधीही. बाळ छान पितंय, वजन वाढतंय, आणि एका दिवशी उलट्या, झटके, टाळू फुगलेली. अशा बाळांपैकी निम्म्यांच्या आसपास मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. कधी आधी सूचना मिळते, अंगावर एखादा निळा डाग, बेंबीशी रक्ताचा थेंब. पण आपल्याकडे त्याचं खापर पटकन मालिशवाल्या बाईवर फुटतं. "हात जड आहे तिचा." आणि तो दिवस निघून जातो.

बहिणीच्या नवऱ्याने लगेच मोबाइलवर आकडा काढला. इंजेक्शन न दिलेल्या १४ ते २५ हजार बाळांत एखाद्याला हे उशिराचं होतं, असं अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था सांगते. "म्हणजे दुर्मीळच की!" आहेच दुर्मीळ. पण तराजूचं दुसरं पारडंही बघ ना. तिथे काय आहे? मांडीत एक मिलिग्रॅम, क्षणभराचं रडणं, फार तर थोडी सूज. गंभीर अॅलर्जी फारच क्वचित. उलट रक्तस्राव झाल्यावर हेच औषध दिलं तर रक्त काही तासांत थांबतं, पण मेंदूचं झालेलं नुकसान भरून येईलच असं नाही.

मग कॅन्सरचा मुद्दा निघाला, तो निघतोच. १९९२ साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासाने या इंजेक्शनचा आणि लहानपणीच्या कॅन्सरचा संबंध जोडला होता. नंतरच्या मोठमोठ्या अभ्यासांत तो काही सापडला नाही. पण भीती मागे राहिली ती राहिलीच. २०१३ मध्ये अमेरिकेत टेनेसी राज्यात काही महिन्यांत चार बाळं अशाच रक्तस्रावाने दवाखान्यात आली. एकालाही इंजेक्शन दिलेलं नव्हतं, आणि आईबापांनी नको म्हणण्याचं मोठं कारण होतं ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरची भीती.

तोंडाने थेंब द्यावेत म्हणाल, तर ते एकदा देऊन भागत नाही, पुन्हा पुन्हा लक्षात ठेवून द्यावे लागतात. शिवाय यकृताचा त्रास असलेल्या बाळाच्या अंगी ते नीट लागत नाहीत, आणि तो त्रास जन्मल्या जन्मल्या दिसत नसतो. आईला फिट्सच्या किंवा टीबीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण त्या बाळांना पहिल्या चोवीस तासांतच धोका असतो.

एवढं सगळं असूनही मला बहिणीचा राग आला नाही. राग आला तो दवाखान्याचा. रात्री दोन वाजता, टाके घातलेल्या बाईसमोर कागद धरायचा आणि "देणार की नाही? नको तर इथे सही," असं विचारायचं. हिने काय करायचं? ग्रुपवर आलेला व्हिडिओ आठवायचा, दुसरं काय! माझ्या वेळी तर उलटी तऱ्हा. माझ्या लेकाला हे इंजेक्शन दिलं होतं हे मला तो चार वर्षांचा झाल्यावर कळलं, शाळेच्या प्रवेशासाठी फाइल उपसताना. डिस्चार्ज कार्डावर कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात एक ओळ. मला न विचारता दिलं, हिला न सांगता विचारलं.

दवाखान्यात जन्मलेल्या प्रत्येक बाळाला हे द्यायचं, असं केंद्राच्या आरोग्य खात्याने २०१४ मध्येच ठरवून दिलंय, अगदी उपकेंद्रातसुद्धा. मग सातव्या महिन्यात, धनुर्वाताच्या सुया आणि लोहाच्या गोळ्या यांच्याबरोबर एक मिनिट हेही सांगायला काय हरकत आहे? तेव्हा बाई शांत असते, प्रश्न विचारू शकते, घरी जाऊन नवऱ्याशी भांडूही शकते.

बारशाच्या दोन दिवस आधी बहिणीचा फोन आला. "ताई, आत्याबाई बाळ्या घेऊन येणारेत. कान टोचायचेत. रक्त थांबलं नाही तर?" हा विचार माझ्याही डोक्यात आला नव्हता. म्हटलं, आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा, राहिलेलं इंजेक्शन नंतरही देता येतं का विचार. येतं म्हणाले. दहाव्या दिवशी दिलं. बाळाचा पाय तिनेच धरला होता.

बाराव्या दिवशी सोनार आला, तार घातली. दोन्ही कानांवर टाचणीच्या टोकाएवढं रक्त आलं, मामीने कापूस टेकवला, थांबलं. पोरगी त्यापेक्षा जास्त रडली ती आत्याबाईंनी घातलेल्या झालरीच्या टोचऱ्या फ्रॉकला.