वाऱ्याबद्दल एक ओळही नाही?
दक्षिण स्पेनमधल्या कादिझ प्रांतावरचा तुमचा लेख छान. वेहेरच्या पांढऱ्या गल्ल्या, कोनिलचा किनारा सगळं आलं. पण लेव्हान्ते, म्हणजे तिथला पूर्वेचा वारा, कुठेच नाही! तारिफाला आम्ही छत्री उघडली आणि दोन मिनिटांत मिटली. पावात वाळू, कानात वाळू. ह्याच वाऱ्याने बोलोनियाला वाळूची 30 मीटरहून उंच टेकडी रचलीय, ती पाईनचं रान हळूहळू गिळतेय.

तिथेच किनाऱ्याला लागून बाएलो क्लाउडिया हे रोमन गाव आहे. मासे खारवायचे दगडी हौद अजून शाबूत आहेत, काही गोल, काही चौकोनी. काठावर उभं राहिलं की समोर समुद्रच. दोन हजार वर्षांपूर्वी ह्या हौदांत ट्यूना मुरायचा. आजही वसंतात अंडी घालायला भूमध्य समुद्राकडे निघालेला तोच मासा बार्बाते, झाआराला ‘अल्मद्राबा’ ह्या पारंपरिक पद्धतीच्या जाळ्यांत धरतात.

आणि ‘तोर्तियितास दे कामारोनेस’ कशा सुटल्या? इवल्याशा कोळंब्या, कांदा, चण्याचं पीठ, तेलात कुरकुरीत. आमची आई पहिल्या घासालाच म्हणाली, “अगं, ही तर जवळ्याची भजी!”

जाणाऱ्यांनी एक करा, जेवण किनाऱ्यावर नको, आत गावात घ्या.