दत्तकासाठी मुलं ‘उरली नाहीत’, ती कायद्यामुळे?

नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड पुन्हा पुन्हा येतोय: ‘पूर्वी कुमारी मातांची बाळं आश्रमात जन्मायची, चांगल्या घरी जायची. 1971 चा गर्भपाताचा कायदा आला, आश्रम ओस पडले, दत्तक घ्यायला मुलं उरली नाहीत. अमेरिकेतही तेच झालं.’ मूल मिळावं म्हणून वर्षानुवर्षं थांबलेली माणसंही हे वाचतात, म्हणून उत्तर देतेय.

‘पूर्वी’पासूनच सुरुवात करू. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. नाव पुन्हा एकदा वाचा. गुपचूप येऊन बाळंत व्हा, मूल न्या किंवा इथे ठेवा, तुमची खुशी, अशी पाटीच होती. 1884 मध्ये जोतिरावांनी स्वतः हिशोब लिहून ठेवलाय: 35 विधवा आल्या, त्यांची फक्त 5 मुलं जगली. बाकीची 30 गेली, कारण पोट लपवायला आयांनी आधीच विषारी औषधं घेतली होती. कायद्याच्या जवळजवळ नव्वद वर्षं आधीची गोष्ट आहे ही. तिथे आलेल्या काशीबाई या विधवेचा यशवंत वाचला आणि फुल्यांच्या घरचा झाला, पण त्या तीस बाळांचं काय?

बरं, 1971 च्या कायद्याने तरी कुमारिकेला काय दिलं? गर्भनिरोधक फसलं हे कारण फक्त विवाहितेला सांगता यायचं. ‘नवरा’ऐवजी ‘जोडीदार’ हा शब्द यायला 2021 उजाडलं.

अमेरिकेत गर्भपाताचा काहीच परिणाम झाला नाही, असं मी म्हणणार नाही. पण 1973 मध्ये तिथे गर्भपाताला देशभर कायदेशीर मान्यता मिळण्यापूर्वी अविवाहित आयांनी जन्म दिलेल्या बाळांपैकी सुमारे 9 टक्के दत्तक जात, नव्वदच्या दशकात 1 टक्काही नाही. हा हिशोब जन्मलेल्या बाळांचा आहे. आयांनी ती स्वतःजवळ ठेवली.

आणि आपल्याकडची रांग? 2022 च्या संसदीय समितीच्या अहवालात दत्तकासाठी नोंदणी केलेले पालक 27,939 होते. संस्थांमधली दत्तक देता येतील अशी मुलं 6,996, पण त्यातली कायद्याने मोकळी, म्हणजे दत्तक द्यायला अधिकृत मान्यता मिळालेली, फक्त 2,430. म्हणजे साडेचार हजारांहून जास्त मुलं जन्मलेली होती, संस्थेत जेवत, झोपत होती. त्यांचा कागद तेवढा पुढे सरकलेला नव्हता.